कानावरची खूण

रेनडिअर चालू लागले की त्याच्या पायांतून टक्-टक् असा बारीक आवाज येतो, हे मला आधी कोणी सांगितले नव्हते. फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता, उत्तर फिनलंडमधल्या इनारी गावाबाहेरचे जंगल होते, आणि उणे 24 अंशांच्या थंडीत आमच्या पुढे पाच-सात जनावरे एका रांगेत पायवाटेने चालली होती. प्रथम वाटले की आपल्याच बुटांखाली बर्फ मोडतो आहे. मी थांबलो, तरी आवाज थांबला नाही; म्हाताऱ्या माणसाने सकाळी उठून एकेक बोट मोडावे तसा तो लयीत येतच राहिला. त्या जनावरांची मालकीण मागे वळून हसली आणि म्हणाली, की पायातल्या लहानशा हाडावरून कंडरा घसरते, तिचा हा आवाज. हिमवादळात पुढचे जनावर दिसेनासे झाले तरी मागचे या आवाजाच्या मागोमाग कळप धरून राहते, असे इकडची जाणती माणसे सांगतात. मला आजोबांच्या खिल्लार बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा आठवल्या. काळोखात गाडी वस्तीकडे परतताना तो आवाज घरच्यांना दिव्याच्या आधी कळे. इथे घुंगरू जनावराच्या पायातच होते.

या जागेपर्यंत मी पोहोचलो तो एका फसलेल्या सहलीमुळे. माझा भाचा हेलसिंकीजवळच्या एस्पो शहरात नोकरी करतो. त्याने आणि सूनबाईने मोठ्या हौसेने मला उत्तरेला न्यायचे ठरवले, रात्रीच्या गाडीने आम्ही रोवानिएमीला उतरलो, आणि पहिल्याच दिवशी आर्क्टिक वृत्ताच्या आसपासच्या एका ठिकाणी रेनडिअरच्या घसरगाडीत बसलो. त्या ठिकाणाचे नाव घेण्याची गरज नाही. तशी ठिकाणे सगळ्या पर्यटनाच्या गावांत असतात. रांग होती, हातात क्रमांकाची चिठ्ठी होती, झाडांमधून एक वळसा होता आणि तो संपायच्या आत पुढचे प्रवासी उभे होते. गाडी ओढणाऱ्या जनावराने त्या दिवशी तो वळसा कितव्यांदा घातला असेल, याचा हिशोब मी मनाशी करू लागलो आणि मग सोडून दिला. गाडीवान तरुणाच्या अंगावर निळा-लाल पोशाख होता. भाच्याने सहज विचारले तेव्हा कळले की तो दक्षिणेकडून चार महिन्यांसाठी कामाला आलेला विद्यार्थी आहे आणि तो पोशाख त्याला कामाबरोबर मिळालेला आहे.

तो निळा-लाल पोशाख म्हणजे गाक्ती, इथल्या मूळ रहिवासी सामी लोकांचा. हे लोक नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाचे कोला द्वीपकल्प अशा चार देशांत विभागलेले आहेत, आणि त्यांच्या गाक्तीच्या काठापट्टीवरून, टोपीवरून माणूस कुठल्या भागातला, कुठल्या घराण्यातला हे ओळखता येते. परक्याने तो भाड्याने अंगावर चढवणे म्हणजे काय, हे समजायला आपल्याला फार दूर जावे लागत नाही. फिनलंडमधील सामी संसदेने 2018 साली पर्यटनासाठी नीतितत्त्वे मंजूर केली, ती अशाच बाजाराला कंटाळून. त्या रात्री भाच्याने शोधाशोध केली, दोन-तीन ठिकाणी पत्रे पाठवली, आणि इनारीच्या या बाईंनी उलट प्रश्न विचारणारे उत्तर पाठवले: तुम्हाला फक्त फोटो हवे आहेत, की अर्धा दिवस आमच्याबरोबर काम करायला आवडेल? सूनबाई म्हणाली, मामा, इथेच जाऊ या.

रोवानिएमी ते इनारी हा सव्वातीनशे किलोमीटरचा बसचा रस्ता आहे. रस्त्याकडेला पिवळ्या पाट्यांवर शिंगवाल्या जनावराचे चित्र येत राहते. पाळीव रेनडिअरला फिनिशमध्ये 'पोरो' म्हणतात. बसमध्ये मागच्या बाकावर बसलेल्या आमच्या तिघांच्या तोंडी दिवसभर 'ते बघ पोरो' हे वाक्य होते आणि कोणी मराठी माणूस ऐकत असता तर त्याला वाटले असते की आम्ही कुणाच्या तरी मुलांवर नजर ठेवून आहोत.

रेनडिअर फार्म हा शब्द फसवा आहे. आपल्या मनात कुंपण, गोठा, दावणीला बांधलेली जनावरे असे चित्र येते. इथे घरामागे तारेचे एक मोठे वाडगे होते आणि त्यात अकरा जनावरे होती: गाडी ओढायला शिकवलेली काही, म्हातारपणामुळे जंगलात तग न धरणारी दोन, आणि मागच्या उन्हाळ्यात आई गेलेले एक पिल्लू. बाकीचा कळप जंगलात होता. म्हणजे पाहुण्यांना दिसतो तो या धंद्याचा उंबरठा. घर आत, कित्येक मैल पसरलेले. बाईंनी हे पहिल्या पाच मिनिटांतच स्पष्ट केले. त्यांच्या अंगावर गाक्ती नव्हती. तेलाचे डाग पडलेला जाड कामाचा पोशाख होता. लग्नाला बोलावलेत तर गाक्ती घालून येईन, त्या म्हणाल्या.

एका वेळी सहाच पाहुणे. नियम त्यांनी वाडग्याचे फाटक उघडण्यापूर्वी सांगितले आणि तेही शाळेतल्या बाईंसारखे नव्हे, घरातल्या म्हाताऱ्यांच्या खोडी सांगाव्यात तसे. डोक्याला हात लावायचा नाही, शिंगाला तर नाहीच. शिंग धरणे म्हणजे त्याच्या लेखी झुंजीला आव्हान देणे. शेवाळ्यासारखे दिसणारे दगडफूल हातात धरून उभे राहायचे, जनावर आले तर आले. ते निघून गेले तर पाठीमागे जायचे नाही. पाठीवर बसायचे नाही, लहान मुलालाही बसवायचे नाही. डोळ्यांवर झोत टाकायचा नाही. हिवाळ्यात या डोळ्यांचे आतले अस्तर उन्हाळ्यातल्या सोनेरी रंगावरून गडद निळे झालेले असते. लंडनच्या शास्त्रज्ञांनी 2013 साली हा रंगबदल नोंदवला आणि त्याचे कारणही दिले: महिनोन्महिने बाहुली उघडी राहिल्याने डोळ्यात दाब वाढतो, अस्तराचे धागे जवळ येतात आणि अंधारातला पुसटसा प्रकाशही पकडता येतो. ज्या डोळ्याने अख्खा हिवाळा काळोखाशी जुळवून घेतले आहे, त्यावर मोबाइलचा झोत मारण्याची कल्पनाच मला तेव्हा अंगावर आली.

शिंगांविषयी त्या जे बोलल्या त्याने सूनबाई खूश झाली. हरणांच्या कुळात मादीलाही शिंगे येतात ती फक्त या जातीत. नराची शिंगे माजाचा काळ संपला की हिवाळ्याच्या तोंडाला गळतात. मादीची मात्र मे महिन्यात पिल्लू होईपर्यंत डोक्यावर राहतात. बर्फ उकरून काढलेला घास दुसऱ्याने हिसकावू नये म्हणून पोटुशी मादी त्यांचा उपयोग करते. तेव्हा फेब्रुवारीत शिंगे मिरवणारे जनावर दिसले तर ती बहुधा बाई असते, किंवा मग खच्ची केलेला नर. नाताळच्या भेटकार्डांवर गाडी ओढणाऱ्या त्या प्रसिद्ध मंडळींचे काय, असे भाच्याने विचारले. बाई म्हणाल्या, त्यांनाच विचारा.

भाच्याचा पुढचा प्रश्न मात्र चुकला. तुमच्याकडे एकूण किती पोरो आहेत, असे त्याने अगदी निरागसपणे विचारले. बाईंनी एका पाइनकडे बोट दाखवले आणि म्हणाल्या, या झाडाच्या दोन्ही बाजूंना आहेत. नंतर कळले की हे इकडचे ठरलेले उत्तर आहे, कारण हा प्रश्न विचारणे म्हणजे बँकेतली शिल्लक विचारणे. आमचे आजोबाही परक्यासमोर गुरे मोजीत नसत; कोणी विचारलेच तर 'देवाची कृपा आहे' म्हणत आणि विषय पावसाकडे नेत. भाचा ओशाळला, मी त्याला म्हटले की चूक तुझी नाही, तू सोसायटीत वाढलास.

व्यक्तीचा आकडा गुप्त असला तरी देशाचा उघड आहे. फिनलंडच्या उत्तरेकडचा जवळजवळ एक तृतीयांश भाग रेनडिअर पाळण्यासाठी राखलेला आहे, आणि त्याचे 'पालिस्कुन्ता' नावाच्या 54 गटांत वाटप आहे. हिवाळ्यात जिवंत ठेवायच्या जनावरांची कमाल संख्या सरकारने 2,03,700 ठरवली आहे. एका मालकाला दक्षिणेकडील गटांत 300 आणि उत्तरेकडील गटांत 500 पेक्षा जास्त ठेवता येत नाहीत. नॉर्वे आणि स्वीडनमध्ये हा व्यवसाय मुख्यतः सामींच्या हक्काचा आहे. फिनलंडमध्ये तसे नाही, त्या भागात राहणारा युरोपीय संघाचा कोणताही नागरिक पोरो पाळू शकतो. या एका फरकावरून इथे बरेच कडू बोलले जाते. बाई स्वतः सामी, नवरा फिनिश; घरात या विषयावर काय होते असे विचारायचे धाडस मी केले नाही.

त्या जंगलात स्वैर फिरताना दिसणारे प्रत्येक पोरो कोणाचे तरी असते. कोणाचे, ते कान सांगतो. पिल्लाच्या दोन्ही कानांच्या कडांना सुरीने ठरावीक आकाराच्या खाचा घालतात, कुठे तिरकी, कुठे चौकोनी, कुठे टोकच छाटलेले, आणि त्या खाचांची जुळणी म्हणजे त्या मालकाची खूण. हजारो खुणा नोंदलेल्या आहेत आणि नव्या खुणेला मान्यता घ्यावी लागते, म्हणजे ती जुन्या कुठल्याही खुणेशी गोंधळेल अशी नसावी. खूण घराण्यात वारशाने येते. मुलाची खूण बहुधा बापाच्या खुणेत एक खाच वाढवून केलेली. आपल्याकडे जमिनीचा सातबारा असतो, इथे जमीन कोणाच्या एकट्याच्या मालकीची नाही आणि सातबारा जनावराच्या कानावर आहे. बाईंनी वाडग्यातल्या एका मादीजवळ उभे राहून तिच्या कानाकडे बोट केले आणि म्हणाल्या, ही माझ्या आजीची खूण, मला ती सहाव्या वर्षी मिळाली. मी पाहिले. मला कातरलेला एक कान दिसला.

खूण घालण्याचे काम जून-जुलैत होते, आणि बहुधा रात्री, कारण मावळत नसलेल्या सूर्याच्या त्या दिवसांत रात्रच काय ती थोडी थंड असते. हजारो जनावरे एका आवारात गोळा करतात. प्रत्येक पिल्लाच्या गळ्यात क्रमांकाची पाटी अडकवतात आणि मग माणसे नुसती बसून राहतात. या गोंधळात पिल्लू ओरडत आपली आई शोधते, आई सापडून ते प्यायला लागले, तिला बिलगले की दुर्बिणीतून आईच्या कानावरची खूण वाचायची आणि वहीत लिहायचे: अमुक क्रमांकाचे पिल्लू अमक्याचे. मग त्या क्रमांकाचे पिल्लू पकडून, त्याला तीच खूण. मालकी ठरवण्यासाठी पिल्लाच्या ओळखीवर विसंबणारी ही पद्धत मला कुठल्याही कागदपत्रापेक्षा भक्कम वाटली. कान कापताना दुखते का, हे सूनबाईने विचारले. दुखते, बाई म्हणाल्या. त्यांनी 'फारसे नाही' असे म्हटले नाही, हे माझ्या लक्षात राहिले.

बोलता बोलता त्यांनी पिल्लाला 'वासा' म्हटले. म्हणजे लिहिताना तो 'वसा' असावा, उच्चार दोन्हींच्या मधला. मी दचकलो. पुन्हा म्हणायला लावले. रेनडिअरचे पिल्लू म्हणजे वासा. मी त्यांना म्हटले, आम्ही गाईच्या पिल्लाला वासरू म्हणतो आणि ते संस्कृतातल्या 'वत्सा'पासून आले आहे. त्यांनी नवऱ्याला हाक मारून ते सांगितले. त्याला मात्र नवल वाटले नाही, कारण शाळेत शिकला होता. भाषाशास्त्रज्ञ मानतात की काही हजार वर्षांपूर्वी फिनिश-सामी भाषांचे पूर्वज आणि इंडो-इराणी बोलणारे पशुपालक यांचा युरेशियाच्या गवताळ प्रदेशात कुठेतरी शेजार होता आणि त्या शेजारात शब्द उसने गेले. शंभराला फिनिशमध्ये 'साता' म्हणतात, आपला शत. शिंगाला 'सार्वी', त्याचे नातेही तिकडचेच. गुलामाला 'ओर्या' म्हणतात आणि तो 'आर्य' या शब्दापासून आला असे मानतात, यावरून तो शेजार नेहमीच गोडीगुलाबीचा नसावा. पण जनावराच्या पिल्लाचा शब्द कोणी उसना का घेईल? कोणीतरी कुणाला तरी एखादे वासरू दिले असेल, विकले असेल, किंवा पळवले असेल. त्या दोन माणसांपैकी एकाचे वंशज वासरामागे दक्षिणेकडे आले, दुसऱ्याचे वासामागे उत्तरेला गेले, ही कल्पना फार गोड आहे आणि म्हणूनच मी तिच्यावर फार विश्वास ठेवत नाही. तरी त्या दुपारभर ते आई नसलेले पिल्लू मला जरा जवळचे वाटत राहिले, हे खरे.

चारायला म्हणून आमच्या हातात दिलेले दगडफूल पांढुरके, सुकल्यावर कुरकुरीत आणि वजनाला जवळजवळ शून्य असे होते. आपण मसाल्यात वापरतो त्या दगडफुलाचेच हे लांबचे भाऊबंद. ते वर्षाला काही मिलिमीटर वाढते. म्हणजे मी चिमटीत धरलेला बोटभर उंचीचा झुपका भाच्याच्या लग्नाच्या कितीतरी आधीपासून वाढत होता. रेनडिअर अर्धा-पाऊण मीटर बर्फाखालून त्याचा वास घेते आणि पुढच्या खुरांनी उकरून काढते. बर्फ किती यापेक्षा बर्फ कसा हे म्हणून महत्त्वाचे. बर्फाखालचे खाणे जनावराच्या तोंडापर्यंत पोहोचेल की नाही, या स्थितीला उत्तर सामी भाषेत एक स्वतंत्र शब्द आहे, 'गुओह्तुन'. आपल्या भाषेत 'वाफसा' हा शब्द जे काम करतो, जवळजवळ ते. पाऊस पडला एवढ्याने शेतकऱ्याचे भागत नाही, वाफसा यावा लागतो. इथे बर्फ पडला एवढ्याने भागत नाही.

अलीकडे, हवामान तापू लागल्यापासून, ऐन हिवाळ्यात पाऊस पडतो. मग तो गोठतो आणि चाऱ्यावर काचेचे झाकण बसते. खाली चारा आहे, वास येतो आहे, खूर घसरतो आहे. रशियातल्या यामाल द्वीपकल्पावर 2013 च्या नोव्हेंबरमध्ये असाच पाऊस गोठला आणि 61,000 रेनडिअर उपासमारीने मेले. अशा वेळी दुसरा आधार म्हणजे जुन्या झाडांच्या फांद्यांवरून दाढीसारखे लोंबणारे काळपट दगडफूल, 'लुप्पो'. पण लुप्पो फक्त म्हाताऱ्या जंगलात येतो आणि लाकडाच्या कंपन्यांनाही तेच जंगल हवे असते. इनारीतल्या पशुपालकांनी जंगलतोडीविरुद्धची तक्रार थेट संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत नेली होती. 1996 साली निकाल त्यांच्या विरुद्ध गेला, मात्र तोड पुढे वाढली तर हक्कांवर गदा येऊ शकते हे समितीने नोंदवून ठेवले. बाई याविषयी थोडक्यात बोलल्या. मीही थोडक्यात लिहितो, कारण तिथे ऐकताना माझ्या खिशात परतीच्या विमानाचे तिकीट होते आणि त्या पावसात माझाही वाटा आहे हे ठाऊक असताना हळहळ व्यक्त करणे मला जमले नाही.

दुपारी घसरगाडी जुंपायची होती. गाडीला जुंपतात तो खच्ची केलेला नर. फिनिशमध्ये त्याला 'हॅर्का' म्हणतात आणि गंमत अशी की बैलालाही तोच शब्द आहे. इथे मला पहिल्यांदा वाटले की या विषयात आपल्यालाही काही कळते. खोंड बडवून त्याचा बैल करणे, त्याला कासरा ओळखायला लावणे, आधी रिकामे ओंडके ओढायला देणे, हे मी लहानपणी पाहिले आहे. नव्या हॅर्काला अनुभवी हॅर्काच्या गाडीमागे बांधून चालवतात. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधण्याची ही रीत. फक्त शेजारी नाही, मागे. दोन-तीन हिवाळे असे गेल्यावर तो माणसे ओढायला तयार होतो, आणि सगळेच होत नाहीत. जो होत नाही त्याला सोडून देतात का, असे मी विचारले. बाई म्हणाल्या, नाही, तो खाल्ला जातो. जुने फिनिश लोक अंतर सुद्धा याच्याच सोयीने मोजीत. 'पोरोनकुसेमा' म्हणजे एकदा लघवीला थांबल्यापासून पुन्हा थांबेपर्यंत पोरो जितके चालते तितके, सुमारे साडेसात किलोमीटर. जनावराची गरज हेच मोजमाप असलेल्या त्या एककाला कोणी हसते तेव्हा मला ते बाकीच्यांपेक्षा माणुसकीचे वाटते.

आमच्या वाट्याला आलेला हॅर्का राखाडी, रुंद पाठीचा होता. पट्टा गळ्यात घातला, दोर लावला, भाचा आणि सूनबाई कातड्यांखाली बसले आणि हॅर्का बसला. सरळ पाय दुमडून बर्फात बसला. बाईंनी दोर हलका हलवला, जिभेने एक आवाज केला, मग त्याच्या शेजारी गुडघ्यावर बसून त्याचे पाय चाचपले. काही सापडले नाही. दोन मिनिटे त्या तशाच बसून राहिल्या. मग उठून पट्टा सोडवला आणि म्हणाल्या, आज त्याच्या मनात नाही; दुसऱ्याने काल काम केले आहे, त्याची आज सुट्टी आहे. गाडीचे पैसे मी परत करते. हे त्यांनी दिलगिरीच्या स्वरात सांगितले नाही. पाऊस आला, खेळ थांबला, अशा स्वरात सांगितले. आमच्याबरोबरच्या एका जोडप्याचा चेहरा उतरला, आणि खरे सांगायचे तर क्षणभर माझाही. इतक्या दुरून आलो होतो. रोवानिएमीच्या त्या वळशावर असे एखादे जनावर बसले असते तर काय झाले असते, हा विचार मला त्यानंतर आला, आधी नाही. आजोबांचा सर्जा एकदा भर नांगरटीत असाच बसला होता. आजोबांनी शेपटी पिरगाळून त्याला उठवले होते. त्यांच्यापुढे पाऊस तोंडावर आलेला होता आणि बाईंपुढे फक्त सहा पाहुणे होते, हा फरक मी विसरत नाही. पण दोन्ही दृश्ये आता माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसली आहेत. इनारीच्या बसथांब्यावर मार्चअखेर गोठलेल्या तलावावर होणाऱ्या रेनडिअर शर्यतींची जाहिरात होती. आपल्याकडे बैलगाडा शर्यतींचा वाद सर्वोच्च न्यायालयात जाऊन 2023 साली शर्यतीच्या बाजूने निकाली निघाला. शर्यत हवी की नको यावर मी दोन्हीकडून भांडू शकतो. बसलेल्या जनावराला कोण उठवतो आणि कसे, हे पाहिल्याशिवाय मात्र आता भांडणार नाही.

गाडी नाही म्हटल्यावर आम्ही त्या अर्ध्या दिवसाचे उरलेले काम केले: लाकडे फोडली, चाऱ्याची पोती वाहिली, वाडग्याच्या कडेचा बर्फ उपसला. मग 'कोता' नावाच्या शंकूच्या आकाराच्या लाकडी खोपटात विस्तवाभोवती बसलो. काळ्या भांड्यात रस्सा शिजत होता. बटाटे, गाजर आणि मांस. सूनबाई शाकाहारी, तिच्यासाठी बाईंनी वेगळे केले होते. मी मांसाहारी आहे, मटण खाताना मला कधी प्रश्न पडत नाही. तरी मी विचारले, यातलेच का? बाई म्हणाल्या, हो, आमच्याच कळपातले. शरदात वेगळे काढले त्यातले. नर पिल्लू होते, कान मी स्वतःच कापले होते. आणि मग, माझा चेहरा पाहून असेल, त्यांनी पुढचेही सांगितले: दरवर्षी शरदापासून कळप गोळा करून जनावरे निवडतात, कापली जातात त्यांत बहुतेक त्याच वर्षीची पिल्ले असतात, कारण हिवाळ्यात चारा किती जणांना पुरेल हे आधीच ठरलेले आहे. पाहुण्यांच्या पैशाने घर चालायला मदत होते, पण आमचा धंदा हाच आहे. हे ऐकून काही लोक जेवत नाहीत. मला चालते. न सांगता जेवू घालणे मला चालत नाही.

उत्तर सामी भाषेत कळपाला 'एअल्लू' म्हणतात आणि जगण्याला, आयुष्याला 'एअल्लिन'. दोन्ही एकाच धातूतून आले आहेत. पर्यटनाच्या पत्रकांत हे वाक्य सापडते आणि तिथे ते गुळचट लागते. त्या भांड्यासमोर बसून ऐकताना तसे लागले नाही.

आजोबांनी सर्जाला बाजारात नेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. त्या वर्षीच्या पोळ्याला त्याला सगळ्यांत जास्त सजवले होते, शिंगांना हिंगूळ लावला होता, आईने पुरणपोळी भरवताना त्याचे तोंड कुरवाळले होते. दिवाळीनंतर तो दिसला नाही. विकला, एवढेच सांगितले गेले. कोणाला, असे मी विचारल्यावर आजी म्हणाली की लांबच्या गावच्या एका चांगल्या माणसाला. म्हाताऱ्या, नांगराला न चालणाऱ्या बैलाला लांबच्या गावचा चांगला माणूस कशासाठी विकत घेईल, हे मी पुढे कॉलेजात असताना एका रात्री एकाएकी समजलो आणि कोणाशी बोललो नाही. आजोबांचे त्या बैलावर प्रेम नव्हते असे मी कधीच म्हणणार नाही. प्रेम होते म्हणूनच त्यांनी आठवडाभर माडीवरून खाली येणे टाळले. पण ते आम्हाला कोणीच सांगितले नाही, आणि न सांगण्याची ती सवय आमच्या घरात इतर गोष्टींनाही लागली.

मी तो रस्सा खाल्ला. चव मटणापेक्षा गोडसर आणि थोडी जंगली होती. भाच्याने दुसऱ्यांदा घेतला, मी नाही घेतला.

चारच्या सुमारास उजेड निळा झाला आणि बाईंनी आम्हाला बसथांब्यावर सोडले. निघताना सूनबाईने त्यांना विचारले की त्या आई नसलेल्या पिल्लाचे नाव काय. नाव नाही, त्या म्हणाल्या, शरदापर्यंत पाहू. सूनबाई बसमध्ये बराच वेळ गप्प होती.

अर्ध्या तासाने बस हळू झाली आणि थांबली. दिव्यांच्या उजेडात रस्त्याच्या मधोमध दोन पोरो उभे होते, एक मोठी मादी आणि मागे तिचे मागच्या वर्षीचे पिल्लू. फिनलंडच्या रस्त्यांवर वर्षाला सुमारे 4,000 रेनडिअर वाहनांखाली येतात. चालकाने भोंगा वाजवला नाही. त्याने समोरच्या छोट्या पडद्यावर बोट टेकवले. मागून येणाऱ्या वाहनांना इशारा देणारी ही व्यवस्था 2016 पासून इकडे चालू आहे आणि तिचे नाव 'पोरोकेल्लो', म्हणजे पोरोच्या गळ्यातली घंटा. मग तो हात मांडीवर ठेवून बसून राहिला. मादी आमच्याकडे पाहत होती. मी काचेवरची वाफ पुसली आणि तिच्या कानाकडे पाहिले. डाव्या कानाच्या कडेला दोन खाचा होत्या, उजव्याचे टोक नव्हते. पिल्लाचे कानही तसेच असावेत, पण ते तिच्या आड उभे होते. कुठल्याशा घरात कुणीतरी त्या खाचा पाहताच तिला ओळखले असते. भाचा म्हणाला, मामा, फोटो काढू का? मी म्हटले, झोत बंद कर आणि काढ.